‘टुमॉरो नेव्हर नोज’ कसं घडलं? बीटल्सच्या सर्वांत धाडसी ध्वनिमुद्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याबद्दल मराठी वाचक, विशेषतः घरच्या घरी संगीत रेकॉर्ड करणारी तरुण मुलं, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांब आहेत, कारण ती लांब असणंच योग्य आहे.

हे गाणं नेमकं कोणतं? त्याचा एवढा बोलबाला का?

‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे ‘रिव्हॉल्व्हर’मधलं चौदावं आणि शेवटचं गाणं. हा अल्बम ब्रिटनमध्ये ५ ऑगस्ट १९६६ रोजी प्रसिद्ध झाला. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं आहे. अल्बममध्ये ते शेवटी येतं, पण ध्वनिमुद्रण सगळ्यांत आधी याच गाण्याचं झालं होतं, ६ एप्रिल १९६६ च्या रात्री. म्हणजे या चौघांनी नव्या अल्बमसाठी स्टुडिओत पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांत अवघड गोष्टीला हात घातला. मला या गाण्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. सोप्या गाण्यांवर हात बसवून मग प्रयोग करू, असा हिशोब त्यांनी मांडला नाही.

तोपर्यंत रॉक बँडची रेकॉर्ड म्हणजे चार जणांनी वाजवलेल्या गाण्याची नीटनेटकी प्रत असायची. हे गाणं मात्र कुणीही रंगमंचावर वाजवलेलं नव्हतं आणि त्या काळी वाजवताही आलं नसतं. ते टेपवरच जन्माला आलं.

एवढा वेळ आणि मोकळीक त्यांना मिळाली कशी?

१९६६ च्या सुरुवातीचे महिने बीटल्सच्या तिसऱ्या चित्रपटासाठी राखून ठेवले होते. तो चित्रपट उभाच राहिला नाही, आणि सततच्या दौऱ्यांनी पिचलेल्या या मुलांना पहिल्यांदाच सलग काही महिने रिकामे मिळाले. या काळात पॉल मॅकार्टनी लंडनमधल्या नव्या संगीताच्या, नाटकांच्या, चित्रकारांच्या वर्तुळात वावरत होता, जॉर्ज हॅरिसन सतारीत बुडाला होता आणि जॉन लेनन वाचत होता. गाण्यात या तिघांचे तीन नाद वेगवेगळे ओळखता येतात. रिंगो स्टारचा चौथा नाद ड्रमवर आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

शब्द कुठून आले? ते भगवद्गीतेवरून घेतले आहेत, असं ऐकलंय.

नाही. लंडनच्या ‘इंडिका’ या पुस्तकांच्या दुकानात लेननला एक पुस्तक मिळालं: टिमोथी लिअरी, राल्फ मेट्झनर आणि रिचर्ड अल्पर्ट यांनी १९६४ मध्ये लिहिलेलं ‘द सायकेडेलिक एक्सपीरिअन्स’. हे तिघे हार्वर्डमध्ये मानसशास्त्राशी संबंधित काम केलेले होते. ‘बार्दो थोडोल’ या तिबेटी ग्रंथात मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधल्या अवस्थेचं वर्णन आहे; त्याचा आधार घेऊन त्यांनी एलएसडी हे भास निर्माण करणारं द्रव्य घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका तयार केली होती. मन थांबवून प्रवाहाबरोबर वाहत जाण्याचा गाण्याच्या सुरुवातीचा सल्ला थेट त्या पुस्तकातून आलेला आहे. लेनन त्या काळात एलएसडी घेत होता, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं.

तेव्हा याचा स्रोत तिबेटी बौद्ध परंपरा आहे, आणि तीही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या हातून गाळून आलेली. ऐकणाऱ्याला त्यात वेदान्त दिसला, तर तो ऐकणाऱ्याचा अनुभव झाला. गाण्याचा इतिहास वेगळा आहे.

म्हणजे हे ऋषिकेशला सुचलेलं गाणं नाही?

मुळीच नाही. बीटल्स महर्षी महेश योगींना ऑगस्ट १९६७ मध्ये भेटले आणि ऋषिकेशला १९६८ च्या फेब्रुवारीत गेले. हे गाणं त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधीचं आहे.

गाण्यात कुठेच न येणारं हे शीर्षक कुठलं?

रिंगोचं. बोलता बोलता तो शब्दांची अशी काही गाठ मारायचा की ऐकणारे थबकायचे. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेहून परतल्यावर टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं. मृत्यू आणि मनाच्या पार जाण्याबद्दल इतकं गंभीर बोलणाऱ्या गाण्याला थोडं हलकं करावं, म्हणून लेननने ते शीर्षक दिलं. ध्वनिमुद्रणाच्या काळात टेपच्या खोक्यावर मात्र ‘मार्क वन’ एवढंच लिहिलेलं होतं.

संपूर्ण गाणं खरंच एका स्वरावर आहे का?

एका आधारस्वरावर, हो. पेटीवर वाजवून पाहायचं असेल तर पांढरी एक षड्ज धरा. मॅकार्टनीचा बास त्या षड्जापासून हलत नाही. लेननची चाल षड्ज, गंधार, पंचम यांच्यात फिरते आणि ओळीच्या शेवटाकडे कोमल निषादावर, म्हणजे काळी पाचवर, जाऊन पुन्हा षड्जावर येते. तिथे ऑर्गनही काळी पाचचा कॉर्ड धरतो, पण खालचा षड्ज ढळत नाही. खमाज थाटाच्या स्वरांशी हे जुळतं. मात्र याला राग म्हणू नये, रागाचं चलन त्यात नाही.

लेननने हे गाणं निर्माता जॉर्ज मार्टिन यांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा गिटारवर फक्त एकच कॉर्ड झोडपत होता. ते लंडनमध्ये, बँडचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याच्या घरी. त्या काळच्या पॉप संगीतात तीन मिनिटांत सात-आठ वेळा कॉर्ड बदलणं हे कौशल्य समजलं जाई. एकाच कॉर्डचं गाणं म्हणजे अर्धवट गाणं. मार्टिन गिल्डहॉलमध्ये रीतसर पाश्चात्त्य संगीत शिकलेले, ओबो वाजवणारे; त्यांनी तक्रार केली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी ते उत्सुकतेने ऐकून घेतलं.

आपल्याला मात्र यात परकं असं काहीच वाटत नाही. षड्ज धरून तासन्‌तास बसणं हा आपल्या कानांचा रोजचा व्यवहार आहे. म्हणूनच मला वाटतं, हे गाणं मराठी कानाला लंडनच्या कानापेक्षा लवकर उमगायला हवं. वरवर पाहता त्यात केवढा कल्लोळ आहे: किंचाळणारे आवाज, उलटी गिटार, भोवऱ्यात सापडलेला गळा. तरीही ते विस्कटत नाही, कारण खाली षड्ज पक्का आहे आणि लय पक्की आहे. या दोन गोष्टी हलल्या असत्या तर उरलेला सगळा प्रयोग नुसता गोंगाट ठरला असता.

सुरुवातीला ऐकू येतो तो तानपुराच ना? कोणी वाजवलाय?

हो, तानपुराच. हळूहळू वर येत गाणं सुरू होतं ते त्याच्यावरच. वाजवणारा जॉर्ज हॅरिसन. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्याने ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजवली होती, पण तिथे सतार चालीला सजवायला आली होती. इथे तानपुरा आला तो त्याच्या स्वतःच्या कामासाठी, स्वर धरून ठेवायला. भारतीय संगीताकडून घ्यायचं तर दागिन्याआधी पाया घ्यावा, ही समज सहा महिन्यांत आलेली दिसते.

रविशंकरांचा या गाण्यात हात होता का?

नव्हता. हॅरिसन त्यांना पहिल्यांदा भेटला जून १९६६ मध्ये, म्हणजे हे गाणं पूर्ण झाल्यानंतर. भारतीय वादकांशी त्याचा संबंध आला होता तो लंडनमधल्या ‘एशियन म्युझिक सर्कल’मुळे, ती संस्था अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया चालवत. याच अल्बममधल्या हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’मध्ये तबला वाजवला तो याच संस्थेमार्फत आलेल्या अनिल भागवत यांनी. ते ध्वनिमुद्रण ‘टुमॉरो नेव्हर नोज’नंतर काही दिवसांतच, ११ आणि १३ एप्रिलला झालं. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापणं फार दुर्मीळ होतं. भागवतांचं नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर छापलेलं आहे. ज्यांच्याकडे जुनी एलपी असेल त्यांनी मागची बाजू जरूर पाहावी.

पहिल्या रात्री स्टुडिओत काय घडलं?

जागा होती लंडनमधले ईएमआय स्टुडिओज, ज्याला पुढे रस्त्याच्या नावावरून ॲबी रोड म्हणू लागले. खोली क्रमांक तीन. रात्री आठला काम सुरू झालं आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपलं.

पहिला टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न, आज सगळ्यांना ऐकता येतो. १९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी २’मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो नंतरच्या गाण्यापेक्षा संथ आणि जड आहे. ड्रम आणि गिटार टेपवर गोल फिरत राहतात आणि सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटतं. त्यात अंगावर येणारी ताकद आहे, काहींना तर तोच जास्त आवडतो. मला वाटतं तो टाकून देणंच बरोबर होतं. त्यात गुंगी आहे पण पुढे नेणारी लय नाही. दुसरा टेक मध्येच फसला. तिसऱ्या टेकला ड्रम आणि बास सरळ वाजवले गेले, आणि तोच टेक पाया म्हणून ठरला.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बीटल्सचे आधीचे ध्वनिअभियंते नॉर्मन स्मिथ बढती मिळून निर्माते झाले होते. त्यांच्या खुर्चीत त्या रात्री पहिल्यांदा बसला जेफ एमरिक. वय वीस. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बँडचा मुख्य ध्वनिअभियंता म्हणून पहिली रात्र, आणि समोर हे गाणं. जुन्या सवयी त्याच्या हाताला लागलेल्या नव्हत्या, त्याचा या गाण्याला फार फायदा झाला.

ड्रमचा तो ठोका लूप आहे का?

हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे. पहिल्या टेकमध्ये लूप, म्हणजे टेपवर गोल फिरत राहणारा तोच तुकडा, होता. प्रसिद्ध झालेल्या गाण्यात रिंगो सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष वाजवतो आहे. तीन मिनिटं तोच बोल, न दमता, न सजवता, आणि दर आवर्तनात तो अडखळल्यासारखा वाटणारा टॉमचा ठोका बरोबर त्याच जागी. लोक त्याला यंत्र समजतात, हीच त्याला मिळालेली पावती आहे. पण नीट ऐकलं तर त्यात यंत्राला न जमणारा झोल ऐकू येतो. साथीला बसणाऱ्याने ठेका सोडायचा नाही, भरीव वाजवायचं आणि स्वतः मध्ये यायचं नाही, हे आपल्याकडच्या तबलजीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ठोक्याला आलेलं वजन मात्र एमरिकचं. स्टुडिओचा नियम होता की बास ड्रमपासून माइक दोन फुटांच्या आत आणायचा नाही. हवेच्या दाबाने महागडा माइक बिघडेल ही भीती. एमरिकने तो काही इंचांवर नेला. ड्रमच्या पोटात एक लोकरी स्वेटर कोंबला म्हणजे घुमणारा नाद मरून ठोका घट्ट होईल. मग तो सगळा आवाज फेअरचाइल्ड कंपनीच्या लिमिटरमधून, म्हणजे मोठा आवाज आवरणाऱ्या यंत्रातून, असा दाबून काढला की प्रत्येक ठोक्यानंतर आवाज आत ओढला जातो आणि पुन्हा उसळतो. आज जगभर ड्रम असेच रेकॉर्ड होतात, म्हणून आपल्याला ते नवं वाटत नाही.

लेननचा आवाज मध्येच असा लांबून, फिरत फिरत आल्यासारखा का होतो?

लेननची मागणी होती की आपला आवाज उंच डोंगरावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यावा. मागे हजारो भिक्षू म्हणत आहेत असंही त्याच्या डोक्यात होतं. तो तंत्राची भाषा बोलत नसे, चित्र सांगायचा आणि मोकळा व्हायचा. उत्तर शोधणं दुसऱ्यांचं काम.

एमरिकला लेस्ली आठवला. हॅमंड ऑर्गनबरोबर येणारं हे लाकडी कपाट. त्याच्या आत वरच्या बाजूला कर्णा आणि खाली एक पिंप मोटरवर फिरत असतं. आवाज आपल्याकडे येताना किंचित चढतो आणि दूर जाताना उतरतो, त्यामुळे ऑर्गनला ती लहर मिळते. माणसाचा आवाज त्यातून कुणी काढत नसे. एमरिक आणि तंत्रज्ञांनी लेस्लीची जोडणी बदलून लेननच्या माइकचा आवाज आत सोडला आणि कपाटासमोर दुसरे माइक लावले. गाण्याच्या पूर्वार्धात लेननचा आवाज साधारण नेहमीसारखा आहे. मधल्या वाद्यांच्या तुकड्यानंतर जो आवाज येतो तो लेस्लीमधला. सलग ऐकताना हा बदल पहिल्यांदा लक्षात आला की पुढच्या प्रत्येक वेळी कान तिथेच थांबतो.

लेनन एवढा खूष झाला की म्हणाला, मला दोराला टांगून माइकभोवती झोके देता येतील का. तो प्रयोग कुणी केला नाही. वर्षांनंतर मात्र त्याने बोलून दाखवलं की मूळ कल्पनेतले खरे भिक्षू आणून बसवायला हवे होते. मी इथे लेननशी सहमत नाही. खरे भिक्षू आले असते तर ते एक दृश्य झालं असतं. फिरणाऱ्या कर्ण्यातून आलेला आवाज ना पूर्ण माणसाचा, ना पूर्ण यंत्राचा, आणि शब्दांना हवं होतं ते हेच.

पूर्वार्धातला आवाज दुहेरी वाटतो, तो दोनदा गायलाय का?

तिथे एडीटी, म्हणजे यंत्राने आवाज दुहेरी करण्याचं तंत्र, आहे. लेननला आपला आवाज दुहेरी केलेला आवडायचा, पण तीच ओळ दुसऱ्यांदा तंतोतंत गायचा त्याला कंटाळा. स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी याच वसंतात तोडगा काढला: रेकॉर्ड झालेला आवाज दुसऱ्या टेपयंत्रावर पाठवायचा, त्याचा वेग ऑसिलेटरने किंचित मागेपुढे करायचा आणि काही हजारांश सेकंदांच्या फरकाने मूळ आवाजात मिसळायचा. गायक एकदाच गातो, ऐकू दोघे येतात. हे कसं होतं असं लेननने विचारल्यावर मार्टिननी गंमत म्हणून निरर्थक शब्दांची एक लांबलचक साखळी ऐकवली. त्यातला ‘फ्लँज’ हा शब्द लेननने उचलला आणि पुढे नेहमी तोच वापरत राहिला.

टेप लूप म्हणजे काय? आणि ते गाण्यात कसे आले?

गाण्याचा हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून सविस्तर.

टेपची एक पट्टी कापायची, तिची दोन टोकं जोडून कडं करायचं आणि ते यंत्रावर चढवायचं. पट्टीवर जे असेल ते फिरत राहतं. मॅकार्टनीच्या घरी ब्रेनेल कंपनीची टेपयंत्रं होती. त्याने यंत्रातलं पुसणारं हेड निकामी केलं. त्यामुळे कडं दर फेरीला यंत्रातून जाताना जुना आवाज पुसला जाईना. त्याच्यावर नवा आवाज, त्यावर आणखी एक, असे थर चढत गेले आणि टेप भरून गेली. वेग दुप्पट केला की आवाज एक सप्तक वर जातो, निम्मा केला की एक सप्तक खाली. कडं उलटं चढवलं की आवाज शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतो. एवढ्या साध्या गोष्टींतून तो तासन्‌तास नवे आवाज काढत बसायचा. बाकीच्यांनाही त्याने घरी लूप करून आणायला सांगितलं, आणि सगळे छोट्या पिशव्यांमधून आपापली कडी घेऊन आले.

७ एप्रिलला त्यांची पारख झाली. मार्टिन आणि एमरिकनी एकेक लूप वेगवेगळ्या वेगाने, सुलटा-उलटा ऐकून निवड केली. मग प्रश्न आला वाजवण्याचा. प्रत्येक लूपला स्वतंत्र टेपयंत्र हवं आणि एका खोलीत एवढी यंत्रं नसत. तेव्हा इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांमधली पाच यंत्रं वापरली, तारा ओढून सगळ्यांचा आवाज खोली तीनच्या मिक्सरवर आणला. कडं सैल पडू नये म्हणून प्रत्येक यंत्रापाशी पांढरा कोट घातलेला एकेक कर्मचारी पेन्सिलीवर टेप ताणून धरून उभा. मिक्सरच्या एकेका फेडरवर एकेक लूप सतत चालू. फेडर वर केला की तो ऐकू येई, खाली केला की गप्प.

आणि मग गाणं सुरू करून मार्टिन, एमरिक आणि बँडमधले जण त्या फेडरांवर वाजवायला बसले. कोणता आवाज कधी उठवायचा, कधी बुडवायचा, हे तिथल्या तिथे कानाने ठरत होतं. ते सगळं टेपवरच्या चार ट्रॅकपैकी एकावर उतरलं. लूप आपापल्या गतीने फिरत असल्याने त्या क्षणी जो आवाज जिथे जुळला तो तिथे जुळला; मार्टिन नंतर सांगत की हे मिश्रण पुन्हा कधीही तसंच करता येणार नाही. ज्याला आपण नंतर यंत्रांचं संगीत म्हटलं, त्याच्या आरंभीच्या या महत्त्वाच्या क्षणी ही माणसं उपजच करत होती, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवत होती.

त्या लूपमध्ये काय काय आहे?

मुख्यतः पाच आवाज ओळखता येतात. सीगल पक्ष्यांच्या ओरडण्यासारखा वाटतो तो मॅकार्टनीच्या हसण्याचा, वेग वाढवलेला. एका लूपवर ऑर्केस्ट्राचा एक कॉर्ड आहे. दोन मेलोट्रॉनचे, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणाऱ्या पेटीसारख्या वाद्याचे, एकावर बासरीचा सूर आणि दुसऱ्यावर व्हायोलिनगटाचा. पाचवा सतारीसारखा, वेगाने वर चढणारा. मधल्या तुकड्यात उलटी वाजवलेली गिटार ऐकू येते, पण ती वेगळी, लूपमधली नाही. २२ एप्रिलला हॅरिसनची सतार आणि लेननचा आणखी थोडा आवाज चढवून काम पुरं झालं.

असं जगात पहिल्यांदाच घडत होतं का?

नाही, आणि तसं सांगणं आधीच्या लोकांवर अन्याय आहे. पॅरिसमध्ये पिअर शेफरने १९४८ मध्येच रेल्वेच्या आवाजांतून रचना केली होती. जर्मनीत कार्लहाइन्झ श्टोकहाउझेनची ‘गेझांग डेर युंगलिंगं’ १९५६ मध्ये सादर झाली. ती मॅकार्टनीने मन लावून ऐकली होती, आणि पुढे बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर श्टोकहाउझेनचा चेहराही आहे. बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८ पासून टेपवर काम करत होतं. खुद्द मार्टिननी १९६२ मध्ये त्या वर्कशॉपबरोबर ‘रे कॅथोड’ या टोपणनावाने एक रेकॉर्ड काढली होती, त्यामुळे लूप पाहून ते बिचकले नाहीत.

नवं होतं ते हे सगळं नाचता येईल अशा ठेक्यावर आणि गाता येईल अशा चालीत बसवणं, आणि प्रयोगशाळेतून उचलून लाखो घरांत पोहोचवणं.

श्रेय लेनन-मॅकार्टनी असं आहे. खरं कोणाचं?

गाणं लेननचं: चाल, शब्द, एका कॉर्डचा आग्रह. लूप मॅकार्टनीचे. तानपुरा हॅरिसनचा, ठेका आणि शीर्षक रिंगोचं. ड्रम आणि गळ्याचा पोत एमरिकचा, दुहेरी आवाज टाउनसेंडचा, आणि या सगळ्याला ‘होऊ द्या’ म्हणणारा माणूस मार्टिन. पेन्सिल धरून उभे असलेले कर्मचारी कुठल्याच यादीत नाहीत. ध्वनिअभियंत्यांची नावं तेव्हा वेष्टनावर छापत नसत. एमरिकचं नाव मूळ ‘रिव्हॉल्व्हर’वर शोधून सापडणार नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांनी हे कधी रंगमंचावर सादर केलं का?

कधीच नाही. अल्बम आल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांचा तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. त्यातही ‘रिव्हॉल्व्हर’मधलं एकही गाणं नव्हतं.

मुंबईशी या गोष्टीचा काही संबंध आहे का?

या गाण्याशी थेट नाही, त्यातून निघालेल्या वाटेशी आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. नंतर जानेवारी १९६८ मध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा, आशिष खान यांच्यासारखे वादक त्यात होते. त्याच दिवसांत ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वादनही तिथेच रेकॉर्ड झालं आणि त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे. लंडनमध्ये एकट्याने तानपुरा छेडण्यापासून दोन वर्षांच्या आत तो या वादकांसमोर येऊन बसला होता.

घरच्या लॅपटॉपवर असं काही करायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

आधी पाया. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी एक लावा आणि त्यावर कंटाळा येईपर्यंत एकच ठेका वाजवा. तबला, ढोलकी, कॅहोन, काहीही चालेल. फक्त वाजवणारा माणूस असू द्या. कंटाळा येऊन पुन्हा गोडी लागली की पुढे जा.

मग पाच-सहा सेकंदांचे तुकडे गोळा करा. आजूबाजूला केवढे आवाज आहेत: एसटी स्टँडवरची घोषणा, भाकरी थापताना होणारा आवाज, शेजारच्या मुलाचं हसणं. त्यांचा वेग दुप्पट करा, निम्मा करा, उलटे वाजवा. खूप करा आणि बहुतेक टाकून द्या. बीटल्सनीही आणलेल्यांतले थोडेच ठेवले.

शेवटची पायरी सगळे चुकवतात. संगणकावर ते तुकडे माउसने ग्रिडवर बसवू नका. सगळे एकाच वेळी चालू ठेवा आणि दोन-तीन मित्रांनी मिळून फेडर वर-खाली करत एका दमात रेकॉर्ड करा. पटलं नाही तर पूर्ण पुन्हा करा, तुकडा दुरुस्त करू नका. हातांनी घेतलेल्या निर्णयाचा श्वास आवाजात उतरतो.

पुढे कोणी याचा वारसा चालवला?

ब्रायन ईनो आणि फिल मॅन्झनेरा यांच्या ‘८०१’ या गटाने १९७६ मध्ये हे गाणं रंगमंचावर वाजवलं. फिल कॉलिन्सने १९८१ च्या आपल्या पहिल्या एकल अल्बमचा शेवट याच गाण्याने केला. केमिकल ब्रदर्सचं १९९६ चं ‘सेटिंग सन’ ऐकून तर लगेच कळतं की ड्रमचा तो ठोका किती लांब पोहोचला. २००६ च्या ‘लव्ह’ या बीटल्सच्या अल्बममध्ये मार्टिन आणि त्यांचे चिरंजीव जाइल्स यांनी याच गाण्याच्या ठेक्यावर हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’ बसवलं. दोन्ही गाणी एका आधारस्वरावरची असल्याने ती एकमेकांत सहज मिसळली.

कोणतं मिक्स ऐकावं?

पहिल्यांदा मूळ स्टिरिओ, हेडफोनवर. मग मोनो. दोन्हींत लूप कमी-जास्त होण्याच्या जागा वेगळ्या आहेत. त्या काळी मुख्य मेहनत मोनोवरच घेतली जाई. मोनोचीही एक गंमत आहे: अल्बम छापायला गेल्यानंतर मार्टिननी फोन करून या गाण्याचं मिक्स बदलायला सांगितलं, अकराव्याऐवजी आठवं. तोवर काही प्रती निघाल्या होत्या, आणि आज संग्राहक त्याच प्रती शोधत फिरतात. त्यासाठी आता पैसे ओतायची गरज उरलेली नाही, कारण २०२२ मध्ये आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या विशेष आवृत्तीत ते अकरावं मिक्स आणि पहिला टेक दोन्ही दिलेले आहेत. आधी पहिला टेक, मग प्रसिद्ध झालेलं गाणं, अशा क्रमाने ऐका. एकाच रात्रीत त्यांनी काय टाकलं आणि काय ठेवलं ते लगेच कळेल.